‘गोळ्या बंद करा’ म्हणण्याआधी

महाराष्ट्रातील स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांना,



मी डॉक्टर नाही. मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्या स्त्रिया आणि त्यांच्या घरचे यांच्याबरोबर समुपदेशक म्हणून काम करते. दिवस गेलेली बाई माझ्यासमोर येऊन बसते तेव्हा तिच्या पिशवीत बहुधा दोन फायली असतात. मानसोपचाराच्या फायलीत लिहिलेलं असतं, औषधं चालू ठेवा, दोन महिन्यांनी भेटा. बाळंतपणाच्या फायलीत या औषधांबद्दल एक ओळही नसते. तोंडी मात्र सांगितलेलं असतं, ‘दिवस गेलेत ना, मग डोक्याच्या गोळ्या आधी बंद करा.’ मग ती विचारते, ‘ताई, मी ऐकायचं कोणाचं?’ या प्रश्नाचं उत्तर देणं माझं काम नव्हे. ते तुम्हा दोघांचं आहे, आणि तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही म्हणून हे पत्र लिहिते आहे.

आधी स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलते.

गोळ्या बंद करा, असं सांगताना तुमचा हेतू बाळाला जपण्याचा असतो, हे मला ठाऊक आहे. पण औषध थांबवणं म्हणजे धोका टाळणं, हे गृहीतच तपासून पाहायला हवं. २००६ साली अमेरिकेत गरोदर स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या सगळ्यांना पूर्वी नैराश्याचा गंभीर आजार होऊन गेला होता आणि औषधांवर त्या बऱ्या होत्या. ज्यांनी गरोदरपणाच्या सुमारास औषध थांबवलं त्यांच्यापैकी ६८ टक्के स्त्रियांचा आजार गरोदरपणातच उलटला. औषध चालू ठेवणाऱ्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं. पुढच्याच वर्षी बायपोलर म्हणजे द्विध्रुवीय आजाराच्या स्त्रियांबद्दल असाच अभ्यास आला. तिथे फरक आणखी मोठा होता: औषध थांबवलेल्यांत सुमारे ८५ टक्के, चालू ठेवलेल्यांत ३७ टक्के. या स्त्रियांचा आजार जुना आणि पुन्हा पुन्हा उलटणारा होता, त्यामुळे सौम्य नैराश्य असलेल्या प्रत्येकीला हे आकडे लावता येणार नाहीत. काहींना समुपदेशनावर आणि घरच्यांच्या आधारावर औषधाशिवाय गरोदरपण नीट काढता येतं. पण कोणाला येतं आणि कोणाला येत नाही, हे तिचा जुना इतिहास विचारल्याशिवाय कसं ठरवणार?

आजार उलटतो तेव्हा काय होतं, ते तुमच्या टेबलावरून दिसत नाही, कारण तेव्हा ती तुमच्याकडे येतच नाही. तिला झोप लागत नाही. जेवण जात नाही. लोहाच्या गोळ्या डबीत तशाच राहतात. सोनोग्राफीची तारीख उलटून जाते. सासरचे म्हणतात, नाटकं करते. माहेरचे म्हणतात, पहिलटकरीण आहे, होईल ठीक. आजार बळावून ती जिवावर उदार झाली की मग धावपळ सुरू होते, आणि तेव्हा एका गोळीच्या जागी तीन-चार औषधं मोठ्या डोसमध्ये द्यावी लागतात. बाळाला औषधापासून वाचवायला निघालेल्या सल्ल्याने बाळाच्या वाट्याला आजारही येतो आणि औषधंही जास्त येतात.

त्यातही ‘आजपासून बंद’ हा प्रकार फार घातक आहे. पॅरोक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन अशी औषधं एका दिवसात सोडली की चक्कर, मळमळ, घाबरं होणं असे त्रास सुरू होतात. कित्येक महिने रोज अल्प्राझोलाम घेणारीने ते अचानक सोडलं तर फिट येऊ शकते. लिथियम झटक्यात थांबवलं तर आजार अधिक वेगाने उलटतो. जिथे औषध कमी करायचंच आहे तिथेही ते टप्प्याटप्प्याने करावं लागतं आणि ते टप्पे मानसोपचारतज्ज्ञाने ठरवायचे असतात. तुम्ही एक फोन केलात तर ते होईल.

याच सल्ल्याचं दुसरं रूप मला जास्त अस्वस्थ करतं. न ठरवता दिवस गेलेल्या आणि सर्ट्रालिन किंवा एस्सिटालोप्राम घेत असलेल्या बायकांना ‘या गोळ्यांवर राहिलेलं मूल नीट निघणार नाही, खाली करून टाका’ असं सांगितल्याचं मी एकाहून अधिक कुटुंबांकडून ऐकलं आहे. गर्भ ठेवायचा की नाही, हा निर्णय तिचा आहे आणि कायद्याने तिला तो मार्ग दिला आहे, याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण मूल हवं असलेल्या बाईने चुकीच्या भीतीपोटी गर्भपात करून घ्यावा आणि त्याला तिचा निर्णय म्हणावं, हे मला मान्य नाही.

ही भीती चुकीची का म्हणते? नैराश्यावरच्या औषधांमुळे मुलाला स्वमग्नता येते किंवा बुद्धी मंद होते, हा संशय बरीच वर्षं चर्चेत आहे आणि तो निराधार नव्हता. सुरुवातीच्या काही अभ्यासांत ही औषधं घेतलेल्या आयांच्या मुलांत स्वमग्नतेचं प्रमाण थोडं जास्त दिसलं होतं. पण आईचं नैराश्य, घराण्यातला आजार, व्यसन, गरिबी या गोष्टीही त्या आकड्यांत मिसळलेल्या होत्या. २०१७ साली स्वीडन आणि कॅनडातल्या नोंदींवरून संशोधकांनी ही गुंतागुंत सोडवण्यासाठी सख्ख्या भावंडांची तुलना केली: एकाच आईचं एक मूल औषध चालू असताना पोटात होतं, दुसरं औषध नसताना. तेव्हा स्वमग्नतेतला फरक उरला नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या फार मोठ्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासातही विकासाच्या अडचणींचा दोष या औषधांवर टाकता आला नाही.

याचा अर्थ ही औषधं अगदी निर्धोक आहेत असा नाही, आणि बाईपासून काही लपवावं असंही मी म्हणत नाही. मूल थोडं आधी जन्मण्याची शक्यता किंचित वाढते. शेवटच्या महिन्यांत औषध चालू असेल तर दहांपैकी साधारण तीन बाळं जन्मल्यावर काही दिवस किरकिरी, थरथरणारी, नीट न पिणारी अशी असू शकतात. हे बहुधा आपोआप शमतं, मात्र बालरोगतज्ज्ञांना आधी कल्पना हवी. फुप्फुसातला रक्तदाब वाढण्याचा एक दुर्मीळ पण गंभीर त्रास आहे. २०१५ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात तो औषध न घेतलेल्या आयांच्या दहा हजार बाळांत सुमारे २१ आणि घेतलेल्यांत ३१ असा आढळला. एवढं सगळं साध्या मराठीत सांगायला दहा मिनिटं लागतात. बाईला ते कळतं. शेतीचा, कर्जाचा, लेकरांच्या शिक्षणाचा हिशेब करणाऱ्या बाईला दहा हजारांत एकवीस आणि एकतीस यांतला फरक समजणार नाही, असं समजू नका.

उपचार न केलेला आजार मुलावर काय करतो, याचा पुरावा तर आपल्या शेजारी, गोव्यात आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हापशाच्या रुग्णालयात आलेल्या गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा केला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांच्यातल्या २३ टक्के स्त्रियांना नैराश्य होतं. पुढे सहा महिन्यांची झालेली त्यांची बाळं तपासली तेव्हा, नैराश्य असलेल्या आयांची बाळं वजनात आणि लांबीत मागे असण्याचं प्रमाण जास्त होतं आणि त्यांच्या बौद्धिक विकासाचे गुणही कमी होते. नैराश्याची शक्यता वाढवणाऱ्या गोष्टींत नवऱ्याची मारहाण होती, घरातली उपासमार होती, आणि मुलगी झाल्याचं दुःखही होतं. हे निष्कर्ष २००२ आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. इतक्या वर्षांनीही आपल्या कित्येक तपासण्यांत वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर सगळं लिहिलं जातं आणि ‘गेल्या महिन्यात मन सतत उदास होतं का, कशातच रस वाटत नाही असं झालं का’ हे दोन प्रश्न विचारलेच जात नाहीत. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर गरोदर बायका रांगा लावतात. त्या रांगेत हे दोन प्रश्न विचारायला कुठलंही यंत्र लागत नाही.

आता मानसोपचारतज्ज्ञांशी बोलते, आणि इथे माझा सूर जरा कडक होईल.

वर जे लिहिलं ते व्हालप्रोएटला लागू नाही. सोडियम व्हालप्रोएट, व्हालप्रोइक ॲसिड, डायव्हालप्रोएक्स, चिठ्ठीवर नाव काहीही असो. बायपोलर आजारासाठी, फिट्ससाठी आणि अर्धशिशीसाठीसुद्धा हे औषध विशी-पंचविशीच्या मुलींना लिहून दिलं जातं. त्यांतल्या ज्या माझ्याकडे येतात त्यांना मी विचारते, गरोदरपणात हे चालत नाही, असं कोणी सांगितलं होतं का? बहुतेकींना पहिल्यांदा माझ्याकडूनच कळतं. एका समुपदेशकाकडून कळावी अशी ही गोष्ट नव्हे.

हे औषध १९६७ मध्ये फ्रान्समध्ये फिट्ससाठी बाजारात आलं. बाळाच्या मणक्यातल्या व्यंगाशी त्याचा संबंध तिथल्याच, ल्यों शहरातल्या डॉक्टरांनी १९८२ मध्ये दाखवला. गर्भात या औषधाच्या संपर्कात आलेल्या शंभर मुलांपैकी साधारण दहा-अकरा मुलांत जन्मजात व्यंग असतं; एरवी हे प्रमाण दोन-तीन असतं. पण व्यंग दिसतं तरी. न दिसणारं नुकसान त्याहून मोठं आहे: शंभरांतल्या तीस ते चाळीस मुलांना चालणं, बोलणं, लक्ष देणं, शिकणं यांत अडचणी येतात. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये फिट्सच्या औषधांवर असलेल्या आयांची मुलं सहा वर्षांची होईपर्यंत अभ्यासली गेली. व्हालप्रोएट घेतलेल्यांच्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक ९७ होता, लॅमोट्रिजिन घेतलेल्यांच्या मुलांचा १०८. डेन्मार्कच्या २०१३ च्या अभ्यासात स्वमग्नतेच्या छटा असण्याचं प्रमाण एकूण मुलांत दीड टक्का आणि व्हालप्रोएटच्या संपर्कात आलेल्यांत साडेचार टक्क्यांच्या जवळ होतं. पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून ही काळजी मिटत नाही, कारण हे नुकसान सोनोग्राफीत दिसतच नाही.

फ्रान्समध्ये मारीन मार्तें या आईने, आपली दोन्ही मुलं बाधित झाल्यावर, २०११ मध्ये अशा कुटुंबांची संघटना उभी केली. ब्रिटनमध्ये आयांच्या पाठपुराव्यानंतर बॅरोनेस जूलिया कंबरलेज यांच्या समितीने २०२० च्या अहवालात, रुग्ण स्त्रियांचं वर्षानुवर्षं ऐकून घेतलं गेलं नाही, यावर बोट ठेवलं. युरोपच्या औषध नियामकांनी २०१८ मध्ये ठरवलं की मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला हे औषध द्यायचं तर गर्भनिरोधनाची खात्री, लेखी माहिती आणि दरवर्षी फेरविचार बंधनकारक. आपल्या राज्यात ही मुलं कोणी मोजलेली नाहीत म्हणून ती नाहीत असं समजायचं का? शाळेत ‘मंद’ म्हणून मागच्या बाकावर बसवलेल्या मुलाच्या आईला तिच्या जुन्या चिठ्ठ्यांबद्दल कोण विचारतं?

म्हणून तुम्हाला विनंती आहे. दुसरं औषध चालण्यासारखं असेल तर मूल होण्याच्या वयातल्या मुलीला व्हालप्रोएट सुरूच करू नका. द्यावंच लागलं तर धोका तिला स्वतःला सांगा, सोबत आलेल्या वडिलांना किंवा नवऱ्याला नव्हे. मराठीत लिहून द्या आणि गर्भनिरोधनासाठी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे चिठ्ठी द्या. फॉलिक ॲसिडची गोळी सोबत दिल्याने हा धोका टळत नाही, तेव्हा तिच्या भरवशावर राहू नका. आणि हे पत्र एखाद्या अशा मुलीच्या हाती पडलं तर तिला सांगते: बाई गं, घाबरून आज रात्रीची गोळी टाकू नकोस. अचानक सोडलीस तर फिट्स किंवा आजार उसळेल. डॉक्टरांना गाठ आणि बदलून माग.

हे सगळं दिवस राहण्याआधी व्हायला हवं. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात ती गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आसपास मिटते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. स्त्रीरोगतज्ज्ञांनो, बाई पहिल्यांदा तुमच्यासमोर येते तोवर ती वेळ टळलेली असते. आणि आपल्याकडे आधी बोलण्याचा रस्ता लग्नापाशीच बंद होतो. ‘लग्न झालं की बरी होईल’ म्हणून मुलीचं लग्न लावलं जातं, आजार लपवला जातो, गोळ्या लग्नाआधी आठ दिवस बंद होतात किंवा व्हिटॅमिनच्या डबीत भरून सासरी जातात. सहा महिन्यांत ‘काही बातमी आहे का’ म्हणून विचारणा सुरू होते. ती मुलगी सासूबरोबर तुमच्याकडे आली तर सासूसमोर काय सांगणार? म्हणून तिला पाच मिनिटं एकटीला आत घ्या. आणि मानसोपचारतज्ज्ञांनो, लग्न ठरलेल्या मुलीशी मुलाबाळांचा विषय काढायला लाजू नका, तिच्या आईवडिलांनी विषय टाळला तरी.

काही गोष्टी तुम्हा दोघांच्या सीमेवर पडतात आणि म्हणूनच निसटतात. लिथियमचंच घ्या. पहिल्या तीन महिन्यांत ते घेतल्यास हृदयाच्या व्यंगाचा धोका वाढतो, पण पूर्वी समजलं जायचं तितका नाही. २०१७ च्या मोठ्या अभ्यासात तो शंभरात साधारण १.१५ वरून २.४ वर गेला आणि डोस जास्त तसा धोकाही जास्त होता. गरोदरपणात मूत्रपिंडं वेगाने काम करतात, त्यामुळे रक्तातलं लिथियम उतरतं आणि बाळंतपणानंतर पुन्हा चढतं. अशा वेळी सिझेरियननंतर नेहमीप्रमाणे डायक्लोफेनॅक दिलं तर लिथियमची पातळी धोकादायक वाढू शकते. लॅमोट्रिजिनचंही तसंच: गरोदरपणात त्याची पातळी खूप उतरते, डोस वाढवावा लागतो आणि प्रसूतीनंतर लगेच कमी करावा लागतो. कार्बामाझेपिन घेणारीला स्त्रीरोगतज्ज्ञाने दिलेली गर्भनिरोधक गोळी कमी पडू शकते, आणि तीच गोळी लॅमोट्रिजिनचा असर उतरवते. यातली एकेक गोष्ट तुमच्यापैकी एकाला नक्की माहीत असते. ती दुसऱ्याला कळवायची कोणी?

त्यात आपली रीत अशी की पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की ती पुण्याहून बीडला किंवा मुंबईहून खेडला जाते. डॉक्टर बदलतो, सोनोग्राफीचे रिपोर्ट सोबत जातात, मानसोपचाराची फाईल मात्र सासरच्या कपाटात किंवा माहेरी कोणाला दिसू नये म्हणून गादीखाली राहते. आजार उलटण्याचा धोका सर्वांत जास्त असतो त्याच आठवड्यांत तिला ओळखणारा एकही डॉक्टर जवळ नसतो. निदान एका कागदावर औषधाचं नाव, डोस, आजार उलटल्याची पहिली लक्षणं आणि तुमच्या दवाखान्याचा फोन नंबर लिहून तो कागद तिच्या बाळंतपणाच्या फायलीला टाचून द्या. एवढं केलंत तरी फार होईल.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांबद्दल घरच्यांना आधीच सांगून ठेवा. हजारांतल्या एक-दोन बाळंतिणींना तीव्र मनोविकृतीचा झटका येतो. बायपोलर आजार असलेल्यांत तर साधारण पाचांतल्या एकीचा आजार बाळंतपणानंतर गंभीर रूपात उलटतो. सलग दोन-तीन रात्री झोप नाही, अखंड बडबड, बाळाबद्दल विचित्र बोलणं, हे दिसताच त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो. त्याऐवजी बाहेरची बाधा म्हणून आठवडा जातो. सव्वा महिना अंघोळ, शेक, धुरी, डिंकाचे लाडू यांची काळजी घेणाऱ्या आया आणि आत्या रात्रीचं एक दूध वाटीचमच्याने पाजून तिला पाच-सहा तास सलग झोपू देऊ शकतात. तुम्ही सांगितलंत तर त्या ऐकतात. ‘अंगावर पाजतेस ना, मग गोळी नको’ असं सरसकट सांगू नका. सर्ट्रालिन दुधात फार कमी उतरतं. लिथियमबाबत मात्र जपावं लागतं. पुन्हा तेच, औषधागणिक बोलावं लागतं.

दाखल करायची वेळ आली तर बाळाला तिच्यापासून तोडू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ म्हणतो की उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल एरवी वेगळं करायचं नाही. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २००९ पासून आई आणि बाळाला एकत्र ठेवणारा कक्ष आहे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात चार खाटांचा का होईना असा कक्ष असावा, ही मागणी तुमच्या दोन्ही संघटनांनी एकत्र येऊन आरोग्यमंत्र्यांकडे करावी. तसंच, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९८ पासून फिट्सची औषधं घेणाऱ्या गरोदर स्त्रियांची नोंदवही ठेवली जाते आणि मुलांच्या विकासाचा पाठपुरावा होतो. मानसिक आजाराच्या औषधांसाठी अशी नोंदवही आपल्या राज्यात सुरू करा. आपल्या बायकांबद्दल बोलताना अमेरिका-डेन्मार्कचे आकडे द्यावे लागतात, ते मला खुपतं.

तोवर एक करता येईल. तुमच्या शहरातल्या, तालुक्यातल्या दुसऱ्या बाजूच्या एका डॉक्टरांचा नंबर आज मोबाइलमध्ये साठवून ठेवा, आणि यापुढे दोन फायली घेऊन कोणी आली तर तिच्यादेखत त्यांना फोन लावा.

कळावे,

आपली,
मानसिक आरोग्य क्षेत्रातील एक समुपदेशक,
पुणे